व्हेरिकोसिल हा गोळ्यांनी जाणारा ‘उष्णतेचा विकार’ नाही

व्हेरिकोसिल म्हणजे वृषणाच्या शिरा फुगण्याचा त्रास. त्यावर मूल होत नसलेल्या जोडप्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सतत फिरतो: ‘व्हेरिकोसिल म्हणजे निव्वळ अंगातली उष्णता. बर्फ लावा, झिंक आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या ३ महिने घ्या, शुक्राणू दुप्पट होतील. ऑपरेशन हा डॉक्टरांचा धंदा आहे.’ यात थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो.

‘निव्वळ उष्णता.’ वृषणाचं तापमान शरीरापेक्षा २ ते ४ अंशांनी कमी असावं लागतं, हे खरं. पण इथली ऊब वांगी खाल्ल्याने वाढलेली नसते. डाव्या वृषणाची शीर किडनीच्या शिरेला काटकोनात मिळते. तिच्या झडपा निकामी झाल्या की रक्त उलटं उतरतं, शिरा फुगतात, ऊब साचते. म्हणून हा त्रास बहुतेकदा डावीकडेच दिसतो. बर्फाने झडपा सुधारत नाहीत.

खरं नुकसान त्यापुढे होतं. साचलेल्या रक्तामुळे आणि उबेमुळे वृषणात ऑक्सिजनचे आक्रमक रेणू वाढतात. शुक्राणूचं आवरण असंतृप्त मेदाम्लांनी भरलेलं असतं. त्यानेच त्याला लवचीकपणा येतो. पण हीच मेदाम्लं आधी बिघडतात. डब्यात राहिलेलं शेंगतेल खवट होतं, तीच ही रासायनिक क्रिया. तिच्यातून तयार होणारं मॅलॉनडायअल्डिहाइड अशा रुग्णांच्या वीर्यात जास्त सापडतं. शुक्राणूत पेशीद्रव जवळजवळ नसतं, त्यामुळे बचावाची विकरंही (एन्झाइम) तोकडी पडतात. शेपटीची हालचाल मंदावते आणि आतला डीएनए तुटतो. संख्या ठीक असलेल्या रिपोर्टमागेही हे लपलेलं असू शकतं.

‘मग अँटिऑक्सिडंट घ्या की!’ अँटिऑक्सिडंट म्हणजे हे आक्रमक रेणू निष्प्रभ करणारे पदार्थ. तर्क सरळ वाटतो, म्हणून तो तपासूनही झाला. अमेरिकेत वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या २३७० जोडप्यांमधल्या निम्म्या पुरुषांना रोज ५ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड आणि ३० मिलिग्रॅम झिंक ६ महिने दिलं, उरलेल्यांना दिसायला तशाच, औषध नसलेल्या गोळ्या. २०२० मध्ये निकाल आला: मूल झालं ३४ टक्के विरुद्ध ३५ टक्के. झिंकच्या गटात डीएनएची मोडतोड उलट किंचित जास्त होती. हे सगळे व्हेरिकोसिलचे रुग्ण नव्हते, पण ‘शुक्राणू दुप्पट’ हे वचन कुठे टिकतं ते सांगा. रक्ताचा उलटा प्रवाह चालूच असताना गोळी वरवरच पोचते.

‘ऑपरेशन हा धंदा.’ गरज नसताना केलं तर तक्रार रास्त आहे. सुमारे १५ टक्के पुरुषांना व्हेरिकोसिल असतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मुलं होतात. फक्त डॉप्लर सोनोग्राफीवर दिसणाऱ्या, हाताला न लागणाऱ्या शिरांवर शस्त्रक्रिया सुचवली तर दुसऱ्या युरोलॉजिस्टचं मत जरूर घ्या. पण शिरा हाताला लागतात, वीर्य तपासणीत दोष आहे आणि मूल होत नाही, हे तिन्ही असेल तेव्हा शस्त्रक्रियेला आधार आहे. त्यानंतर आक्रमक रेणू आणि डीएनएची मोडतोड कमी झालेली अनेक अभ्यासांत दिसली आहे. मात्र शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे फरक पाहायला ३ ते ६ महिने थांबावं लागतं.

म्हणूनच गोळ्यांवर घालवलेले ते ३ महिने मला खुपतात. पत्नी ३६-३७ वर्षांची असेल, तर ते तिच्या वाट्याचे महिने असतात, आणि ते खर्च करताना तिला कुणी विचारलेलंही नसतं.