सातारा लोकल मागण्याआधी थोडा हिशेब

पुणे-सातारा लोकल सुरू करावी, अशी निवेदने आपल्या गटांवर दर काही महिन्यांनी फिरत असतात आणि त्यातल्या दोन-तीन निवेदनांवर मीही सही केलेली आहे. या वेळचे निवेदन आले तेव्हा मात्र सही करण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. नोकरीच्या काळात मी अकरा वर्षे सातारा-पुणे ये-जा केली, कधी रोज, कधी आठवड्यातून तीनदा. त्यामुळे या मार्गाचे वळण न् वळण अंगात मुरले आहे. हिशेब केल्यावर माझे मत असे झाले की आपली गरज खरी आहे, पण आपण मागतो आहोत ती गाडी चुकीची आहे.

आधी अंतर पाहू. महामार्गाने साताऱ्याहून पुणे साधारण ११० किलोमीटर भरते. रेल्वे मात्र सातारा, वाठार, लोणंद, नीरा, जेजुरी असा पूर्वेकडून मोठा वळसा घेते आणि तेच अंतर १४५ किलोमीटर होते. या आकड्यात आपले थोडे नशीबही आहे, कारण रेल्वेचा मासिक पास जास्तीत जास्त १५० किलोमीटरपर्यंतच मिळतो. म्हणजे पुण्याच्या पासाच्या कुंपणात आपण जेमतेम पाच किलोमीटरने बसतो आणि कराडकर, सांगलीकर बाहेर राहतात. पुण्याला रोज ये-जा करू पाहणाऱ्या कराडच्या माणसाला कितीही लोकल दिल्या तरी थेट पास मिळणार नाही, ही गोष्ट आपल्या निवेदनांत कधीच येत नाही.

आता लोकल म्हणजे काय ते पाहू. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते. तो मार्ग सुमारे ६४ किलोमीटरचा असून सगळ्या स्थानकांवर थांबत ती गाडी साधारण एक तास वीस मिनिटांत पोहोचते. पुणे आणि सातारा यांच्यामध्ये घोरपडी, सासवड रोड, फुरसुंगी, आळंदी, शिंदवणे, आंबळे, राजेवाडी, जेजुरी, दौंडज, वाल्हा, नीरा, लोणंद, सालपे, आदर्की, वाठार, पळशी आणि जरंडेश्वर अशी सतरा स्थानके आहेत. गाडीचा वेग कमी होणे, थांबणे, पुन्हा वेग घेणे यात एका थांब्याला तीन मिनिटे धरली तरी पाऊण तासाहून अधिक वेळ नुसत्या थांब्यांत जातो. शिवाय शिंदवणे-आंबळे आणि सालपे-आदर्की असे दोन चढ आहेतच. मोजक्या थांब्यांची एक्स्प्रेस जिथे अडीच-तीन तास घेते, तिथे प्रत्येक स्थानकावर थांबणारी लोकल साडेतीन-चार तासांखाली येईल असे मला वाटत नाही. जाऊन-येऊन आठ तासांचा प्रवास करून माणूस नोकरी केव्हा करणार?

यात आणखी एक गोष्ट आहे, जी बोलायला लोक संकोचतात. लोकलच्या डब्यांत शौचालय नसते. मुंबईत लोकल कसारा, खोपोलीपर्यंत जाते आणि २०१३ पासून डहाणूपर्यंतही जाते. चर्चगेटपासून डहाणू सुमारे १२४ किलोमीटर आहे. तिथला प्रवासी गरज पडली तर उतरून मागची गाडी तरी धरू शकतो. वाठारला उतरलेल्या बाईने मागच्या गाडीसाठी किती वेळ थांबायचे? म्हणून निवेदनात ‘लोकल’ लिहिण्याऐवजी ‘मेमू’, म्हणजे लांब पल्ल्याच्या मार्गावर चालणारी लोकलसारखी गाडी, असे लिहावे. मेमूही विजेवरच चालते, लवकर वेग घेते आणि तिच्यात शौचालय असते. पुणे-मिरज मार्गाचे विद्युतीकरण झालेले असल्याने तिला तांत्रिक अडचण नाही.

डहाणूचे उदाहरण आपले नेते हौसेने देतात, म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगतो. विरारच्या पुढे दोनच रूळ आहेत आणि त्यांवरून गुजरातकडे जाणाऱ्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्याही धावतात. लोकल डहाणूपर्यंत नेली, पण फेऱ्या वाढवायला रुळांवर जागा उरली नाही, आणि मग विरार-डहाणू चौपदरीकरण हाती घ्यावे लागले. आधी गाडी आणि मग रूळ, असा तो उलटा क्रम आहे.

रुळावर जागा नसणे म्हणजे काय, हे एकेरी मार्गावरून प्रवास केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. एका पावसाळ्यातली संध्याकाळ मला अजून आठवते. पॅसेंजर आदर्कीला लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतली आणि इंजिनाचा आवाज बंद झाला. बाहेर डोंगरावर ढग उतरलेले, फलाटावर एकच दिवा आणि त्याखाली हिरवा झेंडा काखेत मारून उभा असलेला पॉइंट्समन. लोणंदच्या बाजारातून परतणाऱ्या एका मावशींनी रिकाम्या पोत्याची घडी करून डोक्याखाली घेतली, पाय पसरले आणि मला म्हणाल्या, “बसा भाऊ निवांत, अजून दोन सोडायच्यात.” दोनच सोडल्या, एक एक्स्प्रेस आणि एक मालगाडी. पन्नास मिनिटे गेली. त्यात कोणाची चूक नव्हती. रूळ एक आणि गाड्या तीन असल्या की सर्वांत स्वस्त तिकिटाची गाडी बाजूला उभी राहणार, हा तिथला व्यवहार आहे.

म्हणूनच पुणे-मिरज या २८० किलोमीटरच्या दुहेरीकरणाला माझ्या लेखी कोणत्याही नव्या गाडीपेक्षा जास्त महत्त्व आहे. काम एका दमात झाले नाही, तुकड्यातुकड्याने झाले, आणि जमिनीच्या मोबदल्यावरून आपल्याच जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या तक्रारीही राहिल्या. त्या रास्त आहेत. ज्याच्या विहिरीशेजारून दुसरा रूळ जातो त्याला पुण्याच्या लोकलचे कौतुक आपण सांगू नये. पण दुहेरी रुळाचेही एक गणित आहे. घाटातला एखादा छोटा तुकडा एकेरी राहिला तरी सबंध मार्गावर किती गाड्या सोडता येतील, हे तो तुकडाच ठरवतो. नव्वद टक्के काम झाले म्हणजे नव्वद टक्के फायदा झाला, असे रेल्वेत होत नाही.

दुसरी अडचण गाडीच्या रेकची, म्हणजे डब्यांच्या संचाची, आहे. लोणावळ्याला जाऊन परत यायला एका रेकला तीन तास पुरतात, म्हणजे दिवसभरात तो सहज चार-पाच फेऱ्या करतो. साताऱ्याला जाऊन परत यायला तोच रेक सात-आठ तास घेईल. फेऱ्या फार तर दोन होतील. त्यातही सकाळी सगळी गर्दी पुण्याकडे आणि संध्याकाळी सगळी साताऱ्याकडे, मधल्या वेळी डबे रिकामे. पासाचे भाडे आधीच इतके स्वस्त असते की महिन्यातल्या मोजक्या फेऱ्यांतच ते वसूल होते. हा तोटा सोसणार कोण? मुंबईत १९९९ साली मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले आणि रेल्वे व राज्य सरकार यांनी प्रकल्पांचा खर्च निम्मा-निम्मा उचलायची रीत पडली. आपले आमदार-खासदार निवेदन घेऊन रेल्वेच्या अधिकाऱ्यांसोबत फोटो काढतात तेव्हा कोणीतरी त्यांना विचारायला हवे की राज्याचा वाटा कोणत्या अर्थसंकल्पात धरला आहे. मीच विचारले असते, पण फोटोत मला कडेला उभे केले होते.

पुण्याच्या टोकालाही जागेची ओढाताण आहे. मिरजेकडून येणारी गाडी घोरपडीला दौंडच्या मार्गात मिसळते आणि पुढे सहा फलाटांच्या पुणे स्थानकात जागा मिळेपर्यंत बाहेर उभी राहते. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरला घड्याळाकडे पाहत दारात उभे राहणे रोजच्या प्रवाशांच्या अंगवळणी पडले आहे. २०२३ पासून पुणे स्थानकाला मेट्रो जोडली गेल्याने तिथून पुढचा प्रवास मात्र खरोखर सुधारला.

साताऱ्याच्या टोकाची कथा याहून केविलवाणी आहे. आपले स्थानक माहुलीला, शहरापासून पाच-सहा किलोमीटर दूर. रात्री उशिरा गाडीतून उतरावे, तर पोवई नाक्यापर्यंत रिक्षाला द्यावे लागणारे पैसे पुण्याहून आणलेल्या तिकिटापेक्षा जास्त असतात. वडाप, म्हणजे सीटवर पैसे घेणारी खासगी जीप, असले तर असले. याउलट एसटी स्टँड गावात आहे, स्वारगेटची विनाथांबा गाडी दिवसभर मिळते आणि २०२३ च्या मार्चपासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे. रेल्वेची खरी स्पर्धा या गाडीशी आहे. खंबाटकीत आणि कात्रजला कितीही अडकली तरी माणूस एसटीच का धरतो, याचे उत्तर माहुलीच्या अंधाऱ्या रिक्षातळावर मिळते. गाडीच्या वेळेला जोडून स्टँड ते स्थानक अशी एसटीची बस ठेवायला दुहेरीकरणाची, मेमूची किंवा दिल्लीच्या मंजुरीची गरज नाही. ती उद्या सकाळी सुरू होऊ शकते.

त्यामुळे मी निवेदनात तीन ओळी बदलून दिल्या. साताऱ्याहून पहाटे पाच-सव्वापाचला सुटणारी, वाठार, लोणंद, नीरा, जेजुरी आणि घोरपडी एवढेच थांबे घेणारी, पास चालणारी मेमू आम्हाला द्या आणि ती संध्याकाळी सहानंतर पुण्याहून परत सोडा. लोणंद, नीरा आणि जेजुरीच्या लोकांसाठी सगळ्या स्थानकांवर थांबणारी वेगळी गाडी लोणंदपर्यंतच चालवा, कारण सातारकराची घाई आणि दौंडजच्या माणसाचा थांबा एकाच गाडीत बसवायला गेले की दोघेही नाराज होतात. आणि स्थानकाची बस. गटावरच्या एका मित्राने लगेच विचारले की मग मथळ्यात ‘सातारा लोकल’ ठेवायचे की नाही. मी म्हटले, मथळा ठेवा, त्याशिवाय कोणी सही करणार नाही. रविवारी सकाळी दहा वाजता पोवई नाक्यावर सह्यांचे टेबल लावतो आहोत. रोज पुण्याला जाणाऱ्यांनी येताना आपली कचेरीत पोहोचण्याची वेळ आणि पुण्यात उतरायचे ठिकाण कागदावर लिहून आणावे.