शनिवार-रविवारची परेड आणि फुकट पदवी: एका संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात पुण्याहून मावशीचा फोन आला. तिचा नातू, म्हणजे माझा भाचा, विद्यार्थी व्हिसावर न्यू जर्सीत एमएस करतो आहे आणि त्याच्यासाठी घर तारण ठेवून काढलेल्या कर्जाच्या काळजीने तिची झोप उडाली आहे. भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला एक संदेश तिने मला वाचून दाखवला. त्याचा आशय असा: अमेरिकेच्या नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे प्रत्येक राज्याच्या राखीव सैन्यदलात, नाव घालावे, महिन्यातून दोन दिवस परेड करावी, राज्य सरकार कॉलेजचा सगळा खर्च उचलते, राखीव दल असल्यामुळे युद्धावर पाठवत नाहीत, व्हिसावर गेलेल्या मुलांनाही घेतात व लगेच नागरिकत्व देतात, आणि नको वाटले तर केव्हाही सोडता येते. "अगं, तुझी लेक त्यातच आहे ना, मग आम्हाला आजवर सांगितलं का नाहीस?" असे तिने विचारले, तेव्हा तिच्या आवाजात आशा होती आणि थोडा रागही. हाच संदेश मला आणखी दोन गटांतून आला आहे, म्हणून हे उत्तर लिहून ठेवते.

सर्वांत घातक विधान व्हिसाचे आहे. अमेरिकेच्या सैन्यभरतीच्या केंद्रीय कायद्यानुसार भरती होणारी व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावी लागते. पॅसिफिकमधील काही बेटराष्ट्रांचा अपवाद सोडला, तर भारतातून शिकायला आलेल्या मुलाला तेथे दारच नाही. 'मावनी' नावाच्या योजनेखाली काही विशिष्ट भाषा किंवा वैद्यकीय कौशल्य असलेल्या व्हिसाधारकांना एके काळी घेतले जात असे, ही गोष्ट खरी आहे आणि संदेशाचे मूळ बहुधा तेथेच असावे. परंतु ती योजना 2016 मध्ये नव्या उमेदवारांसाठी बंद झाली. नागरिकत्वाचेही तसेच अर्धसत्य आहे. ग्रीन कार्ड असलेल्या सैनिकाला एरवीची पाच वर्षांची वाट न पाहता अर्ज करता येतो, मात्र सन्मानपूर्वक सेवेचा दाखला लागतो, आणि पाच वर्षांच्या आत ठपका ठेवून सेवेतून काढले, तर मिळालेले नागरिकत्व रद्दही होऊ शकते. कर्जाने हवालदिल झालेल्या एखाद्या मुलाने हा संदेश खरा मानून कुठल्याशा अर्जावर 'मी नागरिक आहे' अशी खूण केली, तर नागरिकत्वाचा खोटा दावा केला म्हणून अमेरिकेचे दार त्याला जन्मभर बंद होऊ शकते. संदेश पुढे ढकलणाऱ्या एकानेही याचा विचार केला नाही, याचा मला खरोखर संताप येतो.

"युद्धावर पाठवत नाहीत" हे विधान तर मी शांतपणे वाचूच शकत नाही. 2005 मध्ये इराकमध्ये असलेल्या अमेरिकी लष्कराच्या लढाऊ ब्रिगेडपैकी सुमारे निम्म्या नॅशनल गार्डच्या होत्या. आमच्या न्यू जर्सीच्या गार्डची 50वी ब्रिगेड 2008 मध्ये इराकसाठी बोलावली गेली. जानेवारी 2024 मध्ये जॉर्डनमधील तळावर झालेल्या ड्रोन हल्ल्यात जे तीन सैनिक मारले गेले, ते जॉर्जिया राज्यातील, आर्मी रिझर्व्ह या राखीव दलाचेच होते. शांततेच्या काळातही 'दोन दिवस' म्हणजे केवळ दोन दिवस नसतात. आधी दहा आठवड्यांचे मूलभूत प्रशिक्षण, मग नेमून दिलेल्या कामाचे वेगळे प्रशिक्षण, दर वर्षी साधारण दोन आठवड्यांचे शिबिर, आणि वादळ-पूर आला की राज्यपालांचे बोलावणे. मागच्या हिवाळ्यात माझी लेक रविवारी रात्री नऊला परेडवरून परतली, चिखलाने भरलेले बूट तिने गॅरेजमध्ये वर्तमानपत्रावर उलटे ठेवले आणि सोमवारच्या रसायनशास्त्राच्या परीक्षेची उजळणी करायला बसली. तिने हे समजून-उमजून स्वीकारले आहे आणि मला तिचा अभिमान आहे. म्हणूनच तिच्या सेवेला कोणी 'फुकटची सोय' म्हटलेले मला सहन होत नाही.

आता पैशांचे. येथे मात्र संदेशात तथ्य आहे, हे मान्य करावे लागते. न्यू जर्सीच्या कायद्यात (शीर्षक 18ए, कलम 62-24) राज्याच्या नॅशनल गार्डमधील सदस्याला सरकारी महाविद्यालयात दर सत्राला 15 क्रेडिटपर्यंत (क्रेडिट म्हणजे अभ्यासक्रम मोजण्याचे एकक) ट्यूशन, म्हणजे शिकवण्याचे मूळ शुल्क, माफ आहे. पण ते कलम नीट वाचावे: सदस्य गार्डमध्ये कार्यरत आणि निष्कलंक असला पाहिजे, आणि मिळू शकतील अशा सर्व राज्य व केंद्रीय अनुदानांसाठी त्याने अर्ज केलेला असला पाहिजे. प्रिन्स्टन किंवा होबोकनचे स्टीव्हन्स यांसारख्या खासगी संस्था त्यात येत नाहीत. आर्मी रिझर्व्ह हे केंद्राचे दल असल्यामुळे त्यातील सैनिकांना हा राज्याचा लाभ मिळत नाही. शिवाय माफी ट्यूशनची आहे. लेकीच्या सत्राच्या बिलावर ट्यूशनची रक्कम वजा होते, तरी खाली शुल्क, खोली आणि मेसचे आकडे उभेच असतात. इलिनॉय राज्याचे अनुदान ट्यूशनबरोबर काही शुल्केही भरते, पण तेही इलिनॉयच्या गार्डपुरते आणि तेथील सरकारी संस्थांपुरतेच. केंद्राची वेगळी मदत क्रेडिटला 250 डॉलरपर्यंत मिळते, आणि पदवीच्या विषयात 'सी'पेक्षा कमी श्रेणी आली तर ती परत करावी लागते.

"केव्हाही सोडता येते" हे सपशेल खोटे आहे. पहिल्या करारात साधारणपणे एकूण आठ वर्षांची बांधिलकी असते. परेडची वर्षे संपली तरी उरलेल्या काळात नाव राखीव यादीवर राहते आणि तेथूनही परत बोलावता येते.

मावशीला मी हे सगळे फोनवर एकेक करून सांगितले. भाच्याला त्याच्या विभागात असिस्टंटशिपची, म्हणजे सहायकाच्या पगारी कामाची, चौकशी करायला लावली आहे. त्याच्या व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येते, आणि अर्जाची मुदत अजून संपलेली नाही.