‘आकडा खाली केला तरी कर्नल बांधला गेला’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया चांगलीच कडक आहे, पण कामाची आहे, म्हणून खाली दोन ओळींत उत्तर न देता वेगळं लिहितोय. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. तुमच्याकडे उबुंटू १८.०४ चा जुना लॅपटॉप आहे आणि त्यात जीसीसी ७.५ हा कंपायलर (सोर्स कोडचा मशीन कोड करणारा प्रोग्रॅम). लिनक्सचा ६.१६ चा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, बांधायला घेतला, तर सुरुवातीलाच ‘कंपायलर फार जुना आहे, किमान ८.१.० हवा’ असं सांगून बिल्ड चालवणारं मेक थांबलं. तुम्ही स्क्रिप्ट्स फोल्डरातल्या मिन-टूल-व्हर्जन या फाइलमधला आकडा खाली केला. कर्नल बांधला गेला, बूटही झाला. म्हणजे ही अट शहरातल्या लोकांनी शहरातल्या लोकांसाठी घातली आहे, आणि टूलमधला बग टूलवाल्यांनी निस्तरावा, त्याचा भुर्दंड आपल्याला कशाला, असा तुमचा सवाल. शेवटी लिहिलंय, “नवं टाका म्हणाले काय जाते? इकडं दिवसभर लाईन नसते अन् मोबाइलचा डेटा दुपारीच संपते.”

लाईन आणि डेटाचं तर मला सांगायलाच नको, मीही यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका खेड्यात राहतो. त्यावर पुढे येतो. आधी ‘बांधला गेला’ या शब्दांवर बोलू, कारण माझा खरा मतभेद तिथेच आहे.

कंपायलरमधले बग दोन जातींचे असतात. एक जात बिल्ड पाडते. त्रास होतो, पण निदान कळतं तरी. दुसरी जात बिल्ड पाडत नाही, इशारा देत नाही, फक्त चुकीचा मशीन कोड काढते. कापूस खरेदीच्या काट्यात खोट असली तरी काटा बंद पडत नाही, गाड्या मोजतच राहतो, तसंच हे. किमान आवृत्तीची अट मुख्यतः या दुसऱ्या जातीसाठी मोलाची आहे.

६४-बिट एआरएम प्रोसेसरचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२१ पर्यंत तिथे जीसीसी ४.९ चालत होतं. कर्नलच्या एआरएम कोडवर काम करणारे रसेल किंग यांच्या मशीनवर ईएक्सटी४ ही फाइल-सिस्टीम अधूनमधून तक्रार करायची की आयनोडचा (फाइलच्या नोंदीचा) चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, जुळत नाही. रोज नाही, ठरावीक काम केल्यावरही नाही. अशा वेळी संशय डिस्कवर जातो, रॅमवर जातो, फाइल-सिस्टीमच्या कोडवर जातो. दोष निघाला कंपायलरमध्ये. चेकसम काढणाऱ्या कोडमध्ये उत्तर स्टॅकवर, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, ठेवलेलं होतं, आणि कंपायलरनं सूचनांचा क्रम असा लावला की स्टॅक पॉइंटर (स्टॅकची वापरातली हद्द दाखवणारा) आधी मागे घेतला जाई आणि उत्तर त्यानंतर वाचलं जाई. म्हणजे जागा सोडून दिली, सामान अजून तिथेच. या दोन सूचनांच्या मधल्या क्षणात इंटरप्ट (हार्डवेअरची मध्येच येणारी हाक) आला, तर कर्नल त्याच जागेवर आपला मजकूर लिहितो आणि उत्तर पुसलं जातं. इंटरप्ट नेमका त्याच फटीत यावा लागतो, म्हणून चूक क्वचित दिसायची. आणि जीसीसी ५.१ मध्ये, म्हणजे २०१५ सालीच, हा दोष गेलेला होता! सहा वर्षांपूर्वी मेलेल्या बगमागे इतका जाणकार माणूस धावत राहिला. त्यानंतर एआरएम६४ साठी किमान आवृत्ती ५.१ झाली, आणि सदोष कंपायलरांवर घालवायला आयुष्य फार छोटं आहे अशा अर्थाचं वाक्य कर्नलच्या एआरएम६४ कोडचे सांभाळकर्ते विल डीकन यांनी त्या बदलाच्या नोंदीतच (कमिटमध्ये) लिहून ठेवलं.

तो कर्नलही बांधला गेलाच होता, भाऊ. बूटही होत होता.

तुमच्या ७.५ मध्ये असाच बग आहे असं मी म्हणत नाही. पण आकडा खाली केल्यावर तुम्ही कर्नल-कंपायलरच्या अशा जोडीवर उभे आहात, जिची जबाबदारी ६.१६ च्या मंडळींनी सोडून दिली आहे. उद्या काही बिघडलं आणि मेलिंग लिस्टवर विचारलंत, तर पहिला प्रश्न कंपायलरचाच येईल, आणि तो रास्तच असेल.

आता ‘शहरातल्या लोकांचा नियम’. कागदावर जीसीसी ३.२ ही अट २०१८ पर्यंत होती, आणि ३.२ हा कंपायलर २००२ चा! मग २०१८ मध्ये ४.६, २०२० मध्ये ४.९, २०२१ मध्ये ५.१ आणि २०२५ मध्ये, ६.१६ पासून, ८.१. हे ८.१ मे २०१८ चं आहे, म्हणजे अट आली तेव्हा त्याला सात वर्षं झाली होती. याला घाई म्हणता येत नाही.

बग टूलमध्येच दुरुस्त व्हावा हे तत्त्व मला मान्य आहे, आणि तसं होतंही. पण जीसीसीनं आज दुरुस्ती केली म्हणून लोकांच्या मशीनवरची जुनी आवृत्ती आपोआप बदलत नाही. मधल्या काळात कर्नललाच सांभाळून घ्यावं लागतं, आणि ते तो बग पाहून ठरवतो. ‘एएसएम गोटू’ (सी कोडात असेंब्लीतून उडी मारायची जीसीसीची सोय) हिच्यातल्या एका बगसाठी २०१३ मध्ये घातलेला मॅक्रो दहा वर्षं टिकला. त्याच सोयीच्या आउटपुटवाल्या प्रकारात २०२४ मध्ये दुसरा बग सापडला, तेव्हा केकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय ठरवणाऱ्या व्यवस्थेत) स्पष्ट लिहिलं गेलं की ११.५, १२.४, १३.३ आणि १४ मध्ये तो गेलाय, त्याआधीच्यांना सदोष धरा. उलट ३२-बिट एआरएमवर जीसीसी ४.८.० ते ४.८.२ वापरलं तर कोडच बिल्ड पाडायचा आणि सांगायचा की या कंपायलरनं फाइल-सिस्टीम खराब होते. ज्याला बगल देता येते त्याला बगल, जो डेटा खातो त्याला दारातच अडवायचं. मला ही विभागणी योग्य वाटते.

एका बाबतीत तुमची बाजू मी सांगितली त्याहून भक्कम आहे: नवं टूलही जुना कर्नल पाडतं. जीसीसी १० आलं आणि जुन्या कर्नलांमधल्या डीटीसी या छोट्या टूलमध्ये ‘वायवायलॉक’ या व्हेरिएबलची दोनदा व्याख्या झाली म्हणून लिंकच होईना. जीसीसी १५ नं सी भाषेचं सी२३ हे मानक आपोआप धरायला घेतलं, आणि ‘फॉल्स’ हा शब्द जुन्या हेडर फाइलमध्ये अडकला. पाहोल या टूलच्या १.२४ नं बीटीएफमध्ये (कर्नलमधल्या डेटा-प्रकारांच्या माहितीत) नवा प्रकार घातला, तो जुन्या कर्नलांना ओळखूच येईना. म्हणून ‘सरसकट सगळं अपडेट करा’ असा सल्ला मीही कुणाला देत नाही. कर्नल आणि टूल यांची जोडी जुळवायची असते.

तुमच्यासाठी दोन वाटा आहेत. पहिलीला नवा कंपायलर उतरवावा लागत नाही: ६.१२ घ्या. ती दीर्घकाळ सांभाळली जाणारी मालिका आहे, प्रत्येक कर्नल टूलच्या किमान आवृत्त्यांची आपली यादी सोबत घेऊन येतो, आणि ६.१२ ची जीसीसीची अट ५.१ च आहे. तुमचं ७.५ तिथे पूर्ण हक्काचं आहे.

६.१६ च हवा असेल तर कंपायलर बदला, उबुंटू नव्हे. कर्नल डॉट ऑर्गवर आर्न्ड बर्गमन यांनी तयार करून ठेवलेले कंपायलर मिळतात, ८.१ ची अट मांडणारे तेच गृहस्थ. फार नवा न घेता नवव्या किंवा दहाव्या मालिकेतला घ्या. रात्री लाईन असते तेव्हा डाउनलोड लावा, आणि अर्ध्यावर तुटलं तर तिथूनच पुढे चालू करणारा पर्याय द्या. आमच्या तालुक्याच्या कॉलेजातली पोरं एकानं उतरवलेली फाइल पेनड्राइव्हवरून घरोघर नेतात. फक्त पेनड्राइव्हवरच ती उकलू नका. त्यावर सहसा फॅट फाइल-सिस्टीम असते आणि तिला सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) कळत नाहीत. होम फोल्डरात उकला आणि मेक चालवताना ‘क्रॉस कंपाइल’ व्हेरिएबलला त्या बिन फोल्डरचा पत्ता आणि नावातला उपसर्ग द्या. नुसता ‘सीसी’ बदलू नका, नाहीतर लिंकर जुनाच राहील. जुना बिल्ड आधी साफ करा आणि कॉन्फिग पुन्हा तपासून घ्या, कारण २०१८ पासून केकॉन्फिग कंपायलरलाच विचारून काही पर्याय ठरवतं. यात सिस्टीमच्या जीसीसीला धक्का लागत नाही. बिल्डमधली छोटी मदतनीस टूल्स त्याच्याचवर बांधली जातात.

दोन कंपायलर हाताशी असले की आणखी एक सोय होते. एखाद्या फाइलवर संशय आला तर तिची ‘डॉट आय’ फाइल (हेडर वगैरे सगळं एकत्र आलेला कोड) काढा, दोन्हीकडून कंपाइल करा आणि ऑब्जडंपनं (मशीन कोड वाचता येईल असा दाखवणाऱ्या टूलनं) निकाल शेजारी ठेवून बघा. कंपायलरची चूक खरीच निघाली, तर जीसीसीच्या बगझिलाला (बग नोंदवायच्या साइटला) तीच ‘डॉट आय’ फाइल हवी असते.

‘व्हर-लिनक्स’ नावाची एक स्क्रिप्ट त्याच स्क्रिप्ट्स फोल्डरात आहे. ती चालवून आउटपुट आणि तुमची कॉन्फिग फाइल मला पाठवा. ६.१६ ला बायनयुटिल्स (लिंकर वगैरे टूल्सचा संच) २.३० लागतं आणि १८.०४ मध्ये तेवढंच आहे, पण तुमच्या मशीनवर नेमकं काय बसलंय ते पाहिल्याशिवाय मी पुढचं सांगणार नाही.