तार तुटत नाही, तार निसटते

भूमिगत खाणीत छताला आधार म्हणून खडकात वरच्या दिशेने भोक पाडून त्यात पोलादी केबल घालतात आणि ती ग्राउटने, म्हणजे सिमेंट-पाण्याच्या घोळाने, पक्की करतात. या आधाराबद्दल एक दावा फार फिरतो: “१५.२ मिमीची सात तारांची केबल २५ टन पेलते, पुल टेस्टही (ओढून पाहण्याची चाचणी) पास होते. म्हणजे छत सुरक्षित.” यावर विसंबून माणसं त्या छताखाली काम करतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

सुमारे २५ टन हा आकडा खरा आहे, पण तो पोलाद तुटण्याचा. छत कोसळल्यावर अनेकदा केबल अखंड लोंबकळताना दिसते, अंगावर ग्राउटचा मागमूसही नसतो. ती तुटलेली नसते, निसटलेली असते. साध्या केबलची पूर्ण ताकद वापरात यायची तर चांगला ग्राउट आणि कठीण खडक असूनही साधारण २ मीटर लांबीची पकड लागते. समजा खडकाचा थर छतापासून ५ मीटर उंचीवर सुटला आणि केबल साडेपाच मीटरची आहे. वर उरला अर्धा मीटर, म्हणजे जेमतेम पाव ताकद. त्यातही केबल सरकू लागली की तिचे पीळ ग्राउटला बाहेर ढकलतात, आणि भोवतालचा खडक त्याला उलट दाबतो तेव्हाच पकड टिकते. खडक मऊ असेल, किंवा शेजारच्या खोदाईने त्यातला दाब सैलावला असेल, तर ही पकडही घटते.

आता पुल टेस्ट. पूर्ण लांबीभर ग्राउट केलेली केबल भोकाच्या तोंडाशी ओढली की भार खालच्या भागातच जिरतो. वरच्या टोकाला काय आहे ते या चाचणीत कळतच नाही! आणि छत तर त्या टोकावर टांगलेलं असतं.

“ग्राउट जरा पातळ असला तर भोक नीट भरतं,” हे या दाव्याचं शेपूट मला सर्वांत घातक वाटतं. १०० किलो सिमेंटला ३५ ते ४० लिटर पाणी, हे प्रमाण आहे. पाणी ५० लिटरवर गेलं की ग्राउट कमजोर होतो, शिवाय सिमेंट खाली बसून पाणी वर सुटतं. छतातल्या उभ्या भोकात ती पोकळी नेमकी वरच्या टोकाला राहते.

बल्बच्या केबलला, म्हणजे जिच्या तारा जागोजागी फुगवलेल्या असतात तिला, कमी लांबी पुरते, हे मान्य. मात्र बल्बच्या आतही ग्राउट शिरायला हवा. आणि भोकाच्या तोंडाशी केबलवर बसवायची पोलादी प्लेट वगळू नका. ती नसेल तर तोंडाजवळचा सैल खडक केबलवरून सरळ घसरून खाली येतो.