होकार मिळाला की सिनेमा का संपतो?

काल रात्री 'गेस हूज कमिंग टू डिनर' पुन्हा बघितला. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा, आठवत नाही, पण दर वेळी त्याच जागी चिडते. लेक एका कृष्णवर्णीय डॉक्टरला घरी घेऊन येते आणि आयुष्यभर समतेच्या गप्पा मारलेल्या गोऱ्या आईबापांची पंचाईत होते. हे सगळ्यांना माहीतच आहे. मी चिडते ती होणाऱ्या जावयावर. सिडनी पॉइटिएचा हा डॉक्टर म्हणजे स्थळांच्या यादीतलं देवमाणूस. हुशार, नावाजलेला, नम्र, आणि लग्नाआधी मुलीपासून चार हात लांब राहणारा. नकार द्यायला वंशाखेरीज कारणच उरू नये म्हणून दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमरने केलेली ही सोय. मग जेमतेम कमावणारा, थोडा तिरसट, साधा माणूस असता तर? त्याने प्रेम करायचंच नाही का?

त्याहून वाईट म्हणजे, हा माणूस मुलीच्या आईबापांना बाजूला घेऊन सांगतो की तुमची संमती नसेल तर मी लग्न करणार नाही. हे तिला ठाऊकसुद्धा नाही! लग्न तिचं, बोलणी तिच्या पाठीमागे. शेवटी वधूपिता सगळ्यांना बसवून लांबलचक भाषण करतो, होकार देतो, मंडळी जेवायला उठतात. संपलं. मुलाचे वडील, टपाल वाटून पोराला डॉक्टर केलेला माणूस, अजून तयार झालेलेच नसतात. त्यांची समजूत नंतर काढू म्हणे.

तरी रागावून फार वेळ बसता येत नाही. हा सिनेमा चित्रित होत होता तेव्हा अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत असं लग्न गुन्हा होता, आणि मुलाचे वडील त्याला तसं बजावतातही. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लव्हिंग नावाच्या जोडप्याच्या खटल्यात ते कायदे मोडीत काढले, सिनेमा डिसेंबरमध्ये आला. मुलीच्या बापाचं काम करणारा स्पेन्सर ट्रेसी निकालाच्या दोनच दिवस आधी गेला होता, चित्रीकरण संपवून जेमतेम अडीच आठवडे झाले असताना. त्या भाषणात दमलेला, खराखुरा म्हातारा दिसतो. तिथे माझी चीड गळून पडते, प्रामाणिकपणे सांगते.

पण मला आवडतो तो मीरा नायरचा 'मिसिसिपी मसाला' (१९९१). तिथला बाप नुसता कोत्या मनाचा नाही, त्याच्या विरोधाला जखम आहे. युगांडातल्या कंपालात वाढलेला भारतीय वंशाचा वकील, १९७२ मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला तेव्हा घरदार सोडून निघालेला. ही भूमी आता काळ्यांची, असं त्याला सांगणारा त्याचा जिवलग आफ्रिकन मित्रच होता. त्याच माणसाची लेक पुढे मिसिसिपीत गालिचे धुणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणाच्या प्रेमात पडते. (हा बघा, डॉक्टर नाही!) त्यांची ओळखच गाड्यांच्या धडकेतून होते. तो दावा ठोकेल या भीतीने मोटेल चालवणारे आपले भारतीय लोक त्याला गोड बोलून सांगतात की आपण सगळे गोरे नसलेलेच, एक राहिलं पाहिजे. पोरगी त्याच्यासोबत सापडली की ही एकी हवेत विरते. इतकं झोंबणारं, इतकं ओळखीचं दुसरं काही या प्रकारच्या सिनेमांत मी पाहिलेलं नाही.

आणि जर्मन दिग्दर्शक फासबिंडरचा 'अली: फिअर ईट्स द सोल' (१९७४). साफसफाईचं काम करणारी साठीची जर्मन विधवा आणि तिच्याहून कितीतरी तरुण मोरोक्कन कामगार. इथे सिनेमा मध्यावर येण्याआधीच लग्न उरकतं. आई मुलांना बातमी सांगते, एक मुलगा उठून टीव्ही लाथेने फोडतो. पुढे घरच्यांचं, शेजाऱ्यांचं मन वळतं, पण कशामुळे? भाषणाने? छे. मुलाला पोर सांभाळायला आजी हवी असते, वाण्याला गिऱ्हाईक परत हवं असतं, शेजारणीला तळघरातली जागा हवी असते. गरज पडली की माणसं उदार होतात. एवढ्यावरही फासबिंडर थांबत नाही. कामावरच्या बायका परत बोलू लागल्यावर तीच बाई कौतुकाने त्यांना नवऱ्याचे दंड चाचपू देते. बाजारात जनावर दाखवावं तसं. बाहेरचे शांत झाल्यावर घरातलं जे सुरू होतं, ते होकारावर संपणाऱ्या सिनेमांना कधी दिसतच नाही.

'रेचल गेटिंग मॅरिड' (२००८) मात्र उलट्या टोकाला आहे. गोरी नवरी, कृष्णवर्णीय नवरा, आणि अख्ख्या लग्नघरात त्यावर अवाक्षर नाही. पहिल्यांदा मला ते खोटं वाटलं, इतकं गुळगुळीत कुठे असतं? मग लक्षात आलं की या घराकडे भांडायला दुसरं बरंच आहे. व्यसनमुक्ती केंद्रातून आलेली बहीण, आणि तिच्या हातून झालेल्या अपघातात गेलेला धाकटा भाऊ. सासरा आणि जावई भांडी धुण्याच्या यंत्रात कोण झटपट ताटं रचतो याची शर्यत लावतात, पाहुणे ओरडून चेव आणतात, जावई जवळजवळ घरचाच झालेला असतो. तेवढ्यात सासऱ्याच्या हाती एक ताटली येते. गेलेल्या पोराची. आणि खेळ तिथेच संपतो.