‘मोर’ शोधला, ‘समोर’ सापडला

दसऱ्याला सकाळी नागपूरच्या गोरेवाड्याकडे जाताना तारेवर नीलकंठ बसलेला दिसला. आमच्याकडे दसऱ्याचा नीलकंठ म्हणजे शुभ! घरी येऊन खुशीत पक्ष्यांच्या साइटवर बसलो. याआधी कोणत्या दसऱ्याला दिसला होता, एवढंच पाहायचं होतं. नोंद मीच टाकलेली, फोटोसकट. ‘नीलकंठ’ लिहिलं, शोध दाबला. ‘काहीही सापडले नाही.’ झालं शुभ!

राजेहो, हा शोध कोणी बनवला? ‘मोर’ टाका, तर ज्या नोंदीत ‘समोर’ आहे ती प्रत्येक नोंद हजर. तलावासमोर, घरासमोर, टपरीसमोर. मोर कुठंतरी सातव्या पानावर. ‘घार’ टाकली तर कोणाच्या तरी घारापुरीच्या सहलीचे फोटो. बरं, एवढी अक्षरं चाळता तर ‘बगळा’ टाकल्यावर ‘बगळे’ आणि ‘बगळ्याची’ काहून दिसत नाही? मराठीत नामाला विभक्ती लागली की रूप बदलतं, हे शाळेतलं पोरगं सांगेल. मी आता ‘बगळ’ एवढंच लिहितो. अर्धा बगळा शोधतो!

सगळ्यात डोकं फिरवलं ते ‘पांढऱ्या छातीचा खंड्या’नं. हा ‘ऱ्य’ काँप्युटरमध्ये दोन तऱ्हेनं साठवता येतो. एक ‘ऱ’ वापरून, दुसरा साध्या ‘र’ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण यंत्राला शब्द वेगळे. म्हणजे माझ्या मोबाइलवरून टाकलेला खंड्या मलाच लॅपटॉपवर सापडत नाही. यात चूक शोधायची तरी कुठे? ‘ॲ’चीही तीच बोंब.

नावांचं तर विचारूच नका. कोणी नीलकंठ लिहितो, कोणी नीलपंख, कोणी चाष. पक्षी एकच. 1758 साली लिनियस या निसर्गशास्त्रज्ञानं ठेवलेलं ‘बेंगालेन्सिस’ आजही त्याच्या शास्त्रीय नावात आहे. त्या एका नावाला बाकीची सगळी बांधून टाकायला किती वेळ लागतो? फुटाळा आणि तेलंगखेडी हा एकच तलाव आहे, हे नागपुरात ऑटोवाल्यालाही माहीत. साइटला नाही. वेडा राघू जोडून लिहिला की वेगळा पक्षी होतो, ते निराळंच.

तीनदा लिहिलं या साइटवाल्यांना. उत्तर काय? ‘सर, शुद्ध लिहून शोधा.’ अरे, मी काय शुद्धलेखनाच्या परीक्षेला बसलो का? दोन शब्दांत किती अक्षरांचा फरक आहे हे मोजायची रीत लेवेनश्टाइन या गणितज्ञानं 1965 मध्येच मांडली. ‘तुम्हाला हे म्हणायचं आहे का?’ एवढं विचारायला त्यातलं थोडंसं पुरतं. पण नाही. यांनी केलं काय, तर डार्क मोड आणला. अंधारात शोधा आता.

शेवटी माळ्यावरून जुन्या डायऱ्या काढल्या. शिंका देत दहा मिनिटांत सापडलं. 2019चा दसरा, सकाळी सात, गोरेवाडा, तारेवर एक ‘निलकंठ’. पहिली वेलांटी. तशीच साइटवर टाकली. निमूटपणे उघडलं पान, फोटोसकट.