पाहुण्यांच्या यादीत कामाचा रकाना

स्टुटगार्टजवळच्या एका खेड्यात माझ्या सहकारिणीचे लग्न होते. निमंत्रणाबरोबर एक कामांची यादीही आली आणि तीत माझ्या नावापुढे ‘एक केक, शिवाय टेबलांवरच्या चादरींना इस्त्री’ असे लिहिलेले होते. पाहुण्याला काम कसे सांगतात, या विचाराने मी क्षणभर दुखावले गेले, कारण आमच्या घरी लग्नाला आलेल्या माणसाने स्वतःचे ताट उचलले तरी यजमान ओशाळतात. आदल्या संध्याकाळी गावच्या सभागृहात गेले, तर नवऱ्या मुलाचे वडील आणि काका टेबले मांडत होते, मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांत रानफुले लावण्याचे काम शेजारच्या आजींकडे होते, आणि माझ्यासकट कुणीही तेथे निव्वळ पाहुणा नव्हता. दुसऱ्या दिवशी सुमारे सत्तर माणसांनी एकमेकांच्या हातचे केक खाल्ले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांतलेच पंधरा-वीस जण, सहकारिणीच्या सासऱ्यांसकट, भांडी घासायला आणि सभागृह झाडायला परत आले.

जर्मनीत कायद्याने लग्न लागते ते फक्त सरकारी नोंदणी अधिकाऱ्यासमोर. साऱ्या देशात ही पद्धत १८७६ पासून आहे, आणि १९९८ पासून साक्षीदारांचीही सक्ती राहिलेली नाही. अर्ध्या तासात विधी उरकतो. पुढचा समारंभ किती मोठा करायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. येथेही किल्ले भाड्याने घेऊन थाटात लग्न करणारे आहेत, त्यामुळे सारा जर्मनी काटकसरी आहे असे मी म्हणणार नाही.

महाराष्ट्रात लग्नखर्चाची चर्चा अलीकडे पुन्हा तीव्र झाली. पुण्याजवळ हुंड्यासाठी छळ झाल्याचा आरोप असलेले एका विवाहितेच्या मृत्यूचे प्रकरण २०२५ मध्ये गाजले, आणि त्यानंतर मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नाची आचारसंहिता मांडली गेली: मोजकी माणसे, डीजे नको, प्री-वेडिंग चित्रीकरण नको. दुसरीकडे शहरातल्या तरुण मुलामुलींनी आपल्यापुरता एक मार्ग काढला आहे. सजावट स्वतः करायची, पत्रिका स्वतः रेखाटायची, अंतरपाट घरीच रंगवायचा, आणि त्यातून पैसे वाचवायचे. मला या मुलांविषयी मनापासून आस्था आहे, म्हणूनच त्यांच्या हिशेबात काय सुटते ते सांगावेसे वाटते.

गेल्या वर्षी साताऱ्याला माझ्या भाचीचे लग्न झाले. सजावटीसाठी व्यावसायिकाने साठ हजार रुपये सांगितले होते. ताईने आणि भाचीने आजीच्या जुन्या नऊवारी साड्यांचा पडदा केला, कागदाची फुले केली, आंब्याच्या पानांची तोरणे बांधली, आणि सारे बावीस हजारांत बसवले. ती सजावट विकतच्या सजावटीपेक्षा कितीतरी सुंदर होती, कारण आजीची साडी ओळखून जुनी माणसे त्या पडद्यापाशी थांबत होती. वाचले अडतीस हजार. पण जेवणाला सातशे पाने होती आणि एका पानाचा दर साडेचारशे रुपये होता, म्हणजे केवळ जेवणाचेच तीन लाख पंधरा हजार झाले. तीन आठवडे रात्री जागून जे वाचले ते चौऱ्याऐंशी पानांच्या खर्चाइतके होते, आणि तेही हाती राहिले नाही, कारण ‘एवढे वाचले आहेत तर’ म्हणून पाणीपुरीचा आणि डोशाचा वेगळा कक्ष ठरवला गेला. ताई मात्र मांडवात तापाने फणफणलेली बसली होती. लग्नाच्या छायाचित्रांत तिचा चेहरा पाहिला की मला आजही वाईट वाटते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की घरच्या हातांनी पैसा तेव्हाच वाचतो जेव्हा ते हात पुष्कळ असतात आणि मांडवात येणारी माणसे थोडी असतात. आपल्याकडे हे उलटे होते: मांडवात सातशे माणसे, आणि काम करणारे चार हात, तेही आई आणि मुलीचे.

हातांनी लग्न उभे करणे आपल्याला नवीन नाही. रुखवतात मुलीकडच्या बायका स्वतः भरलेल्या चादरी, विणलेली तोरणे, अनारसे आणि लाडू मांडत. आज तेच रुखवत पुण्यात तयार, भाड्याने मिळते. खेड्यात पंगतीला वाढायला भावकीतली आणि आळीतली मुले उभी राहत, आणि त्या वाढण्याला कुणी कमीपणा मानत नसे. याच्याही पुढचे पाऊल आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी पडलेले आहे. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह पुरोहितावाचून लागला, आणि त्याच्या व्यवस्थेत सावित्रीबाई फुले पुढे होत्या. लग्न लावण्याचे कामच लोकांनी स्वतःच्या हाती घेतले, तेव्हा पुरोहिताच्या दक्षिणेबरोबर त्याच्यावरचे अवलंबित्वही संपले. स्वतःच्या हाताने करण्याचा याहून खोल अर्थ मला ठाऊक नाही.

तरीही जुन्या लग्नांचे गोडवे मी सरसकट गाणार नाही. त्या रुखवताखाली आणि त्या पंगतींमागे बायकांचे महिनोन्‌महिन्यांचे कष्ट होते, ज्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही. माझी आई सांगे की तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तिने एकही मंगलाष्टक ऐकले नाही, कारण ती त्या वेळी मागच्या दारी पुऱ्या लाटत होती. आज केटररला पैसे देऊन एखादी मावशी अक्षता टाकायला पुढे उभी राहू शकत असेल, तर तो खर्च मला वाया गेलेला वाटत नाही. जर्मन लग्नातून मी काही उचलायचे म्हटले, तर बरण्यांतली फुले नव्हे, बाह्या सारून भांडी घासणारे ते सासरे उचलीन. घरच्या हातांनी करायचे म्हणताना त्या हातांत पुरुषांचे हात मोजलेले नसतील, तर ती काटकसर नसून घरातल्या बाईवर टाकलेले बिनपैशाचे ओझे आहे.

आचारसंहितेतला माणसे कमी करण्याचा आग्रह हिशेबाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे, कारण खर्च खरा पानांवर होतो. अवघड आहे ते कोणाला वगळायचे हे ठरवणे. येथे सत्तर माणसांचे लग्न सोपे जाते, कारण येथे चुलत चुलत्याला न बोलावल्याने पुढची वीस वर्षे बोलणे बंद होत नाही. आमच्या ताईला मात्र त्याच गावात, त्याच भावकीत राहायचे आहे. परदेशात बसून ‘माणसे कमी करा’ असे तिला सांगणे मला म्हणूनच जड जाते. कायदा तिच्या बाजूने आहे खरा: १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार एवढ्यावर लग्न होते. पण कायद्याला तिघे पुरले तरी भावकीला ते पुरत नाहीत.

या मार्गशीर्षात ताईच्या मुलाचे लग्न आहे. या वेळी मुलाकडची बाजू असल्याने मानपानाचा दबाव थोडा कमी आहे, आणि व्याहीही समजूतदार आहेत. मी ताईला फोनवर एवढेच सुचवले की पाहुण्यांची यादी लिहिताना नावापुढे एक रकाना आखावा आणि त्यात त्या माणसाचे काम लिहावे, पुरुषांचे आधी. ज्याच्या नावापुढे कोणतेच काम सुचत नाही, त्याच्याकडे लग्नानंतर नव्या जोडप्याला घेऊन चहाला जावे. तिने दोनशे दहा नावे लिहिली आहेत. पंगतीला वाढण्याचे काम तिच्या तिन्ही दिरांनी घेतले आहे, आणि चादरींना इस्त्री करायला मी चार दिवस आधी पोहोचणार आहे.